देवरावभाऊंचा मफिनचा साचा

भांड्यांच्या दुकानात गिऱ्हाईक भांडं वाजवून बघतं. सावली गावातले आमचे शेजारी देवरावभाऊ खिशातून सुतळी काढायचे आणि मफिनच्या साच्यातल्या वाटीला गुंडाळून बघायचे. दुकानदार आधी लहान साचा दाखवी, मग मोठा, शेवटी दार. "माप तं माप असते," एवढंच म्हणून ते पुढच्या दुकानात शिरत. चंद्रपूरच्या बाजारात त्यांच्यासोबत हिंडण्यात माझे दोन रविवार गेले.

हे गृहस्थ जन्मभर गिरणीत पायलीनं धान मोजत आलेले. केक त्यांनी फक्त लोकांच्या वाढदिवसाला खाल्लेला, तोही नाइलाजानं. पण त्यांच्या बायकोला, सुमनबाईंना, अर्धांगवायूचा झटका आला आणि उजव्या हातातली ताकद गेली. डाव्या हातानं खाणं आणि दुसऱ्याच्या हातचा घास, दोन्ही त्यांना मंजूर नव्हतं. देवरावभाऊ भरवायला गेले की तोंड मिटून घेत. जेवण निम्म्यावर आलं. एकदा मुलीनं नागपूरहून मफिन आणले, तेव्हा बाईंनी त्यातला एक त्याच हातानं उचलला. ओठांपर्यंत नेता नेता तो निसटला.

"लहान होता, मास्तर," देवरावभाऊ मला म्हणाले. "मोठा असन तं पेलणार नाई. तिच्या मुठीत बसन असा पाह्यजे."

सुतळीवरच्या दोन गाठी म्हणजे बाईंची मूठ होती.

अखेर साचा मिळाला. पहिला घाणा मात्र फसला. पायली शीग लावून भरायची, सपाट भरतो तो कंजूष, ही त्यांची रीत. पीठही त्यांनी तसंच भरलं. ओव्हनमधून बारा मफिनांऐवजी एक फरशी निघाली. मी पाऊण वाटी भरायला सुचवलं, तर म्हणाले, "अर्धवट माप काऊन द्याचं तिले?" उरलेली पाव वाटी मफिन स्वतः फुगून भरून काढतो, असं मी समजावलं. असं धान त्यांना गिरणीत कधी भेटलं नव्हतं.

दुसरा घाणा जमला. मी बदली होऊन राजुऱ्याला आलो त्यालाही आता बरीच वर्षं झाली. इथल्या बेकरीत मफिन चांगले मिळतात, पण आठवते ती त्यांच्या ओसरीवरची सकाळ. बाईंनी मफिन मुठीत धरला. हात सावकाश वर निघाला, छातीशी थांबला, थोडा खाली आला. मी पुढे सरकलो.

"राहू द्या, मास्तर," देवरावभाऊ हळूच म्हणाले.

हात पुन्हा वर निघाला. पहिला घास घ्यायला बाईंना बराच वेळ लागला. तेवढा सगळा वेळ देवरावभाऊ आपले दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते.