वर काई तरी फुटलं

रामटेके गुरुजींचा रेडिओ खरखरला की गुरुजी आधी आभाळाकडे बघत, मग माझ्याकडे, आणि म्हणत, "वर काई तरी फुटलं!"

फुटायचा तो तारा. सत्त्याऐंशी साली लांबचा एक तारा फुटल्याची बातमी पेपरात आली आणि कुरखेड्यातला हा निवृत्त मास्तर कामातून गेला. आभाळात उंचावर एक थर असतो, शॉर्टवेव्हच्या लहरी त्याच्यावर आपटून खाली येतात, आणि दूर कुठे मोठा स्फोट झाला की त्याचे किरण तो थर हलवून टाकतात. मी तहसिलीतला बाबू आणि त्यांचा शेजारी, त्यामुळे हे सगळं मला इतक्या वेळा ऐकावं लागलं की माझ्या बायकोलाही पाठ झालं. पुढे पुढे एस.टी. आली नाही तरी तारा, डाळ शिजली नाही तरी तारा.

"गुरुजी, रोज रोज कुठून फुटतीन जी तारे?" मी एकदा वैतागून विचारलं.

"अरे बाबू, वर का कमी आहेत काय? आन् हा आजचा थोडीच आहे? लाखो वर्साखाली फुटला, किरणं आता पोचून राह्यले. पोचाले वेळ लागते."

गावात त्यांना 'फुटका तारा' म्हणत. मीही म्हणायचो. एवढी व्याख्यानं ऐकल्यावर तेवढा हक्क होताच माझा.

एरवी खरखर कितीही होवो, गुरुजींना तिचं सोयरसुतक नसे. बातम्या बुडाल्या, बाजारभाव बुडाले, चालत होतं. जीव टांगणीला लागायचा तो रविवारी दुपारी, फर्माइशीच्या वेळी. गाणी कोणाला हवी होती? गाण्याआधी कुठल्या गावाहून कोणी ते मागितलं ती नावं सांगतात, ती त्यांना ऐकायची होती. त्यांच्या मुलीनं, सुजातानं, जातीबाहेर, स्वतःच्या मर्जीनं लग्न ठरवलं. गुरुजींनी त्या पोराला दारातूनच परत पाठवलं आणि लग्नाला गेले नाहीत. पूर्वी बापलेक तो कार्यक्रम एकत्र ऐकत. जाताना पोरगी एवढंच म्हणाली, "बाबा, माहा राग गेला का मी फर्माइशीत नाव पाठवीन. ऐकजा."

पोरगी राहते त्या सिरोंच्याला एस.टी. जाते. हे मी त्यांना सांगून पाहिलं. लाखो वर्षांच्या गोष्टी करणाऱ्या माणसाला एक दिवसाचा प्रवास जड झाला होता, दुसरं काय! "ते नाव पाठवतो म्हनली ना? मंग मी ऐकून राह्यलो," असं म्हणून ते खाटेवर रेडिओला कान लावून बसत.

मला त्या खरखरीचा वीट आला होता, आणि गुरुजींची कीवही येत होती. रेडिओ दुरुस्त करणारे वडशाचे रशीदभाई गावात आले तेव्हा मी त्यांना गुरुजींकडे नेलं. त्यांनी रेडिओ उघडला, धूळ झाडली आणि घरावर दोन बांबूंमध्ये तांब्याची लांब तार ताणून दिली. "अब सुनो, गुरुजी. तारा-बिरा काई नाई, तुमचा एरियल सडला होता."

त्या रविवारी रेडिओ खणखणीत वाजला. एकेक नाव स्पष्ट. वरोऱ्याचं एक कुटुंब, चंद्रपूरचे कोणी मित्र. मग सिरोंचा ऐकू आलं आणि गुरुजी खाटेवरून अर्धे उठले. नाव दुसऱ्याच कोणाचं होतं. कार्यक्रम संपेपर्यंत आवाज जराही हलला नाही. मला रशीदभाईंचा राग आला, त्या पोरीचा आला, आणि सगळ्यात जास्त गुरुजींचा आला.

पुढच्या रविवारी पुन्हा खरखर. मी त्यांच्या परसात डोकावलो. ती तांब्याची तार घरावरून उतरवून दोन पेरूंच्या झाडांना बांधली होती, आणि तिच्यावर गुरुजींचं धोतर वाळत होतं.

"बाबू, ऐकलं काय?" गुरुजी रेडिओ कानाशी धरून म्हणाले. "मले वाट्टे, आत्ता सुजाताचंच नाव होतं. पन नेमकं वर काई तरी फुटलं."

मी धोतराकडे बघितलं आणि म्हणालो, "मोठाच फुटला असन जी."

त्यांनी सरकून खाटेवर मला जागा करून दिली. मग आम्ही दोघं ती खरखर शेवटपर्यंत ऐकत बसलो.