सोडायचं बटण

साडूच्या घरून परतल्यापासून वेल्डरच्या घरात एकच विषय चालू होता.

"काय तो पंजा! बटण दाबलं की बोटं कशी लवलव हलतात," बायको म्हणाली. "भाऊजी ऑफिसात खर्डेघाशी करतात, पण हातात कला आहे हो."

उभं आयुष्य वेल्डरने लोखंडी फाटकं जोडण्यात घालवलं आणि कौतुक कुणाचं, तर डब्याच्या पत्र्यातून अंतराळ-सिनेमातल्या राक्षसाचा पंजा कापणाऱ्या कारकुनाचं!

"तो पत्रा आहे पत्रा. खरा मी करतो."

"करा बाई. तुम्हाला कोण अडवतंय?"

त्याने सिनेमा पुन्हा पुन्हा पाहिला. जाड पट्टीची बोटं घडवली, मोटारीच्या काचा पुसणारी मोटर बसवली. स्क्रू एकही लावला नाही. जोड मारावा तर जन्माचा! मिटायचं बटण केलं. उघडायचं केलंच नाही, कारण सिनेमातला पंजा धरलेलं कधी सोडत नाही. नक्कल करायची तर चोख.

रविवारी साडू सपत्नीक आला. पंजा बघून त्याचे डोळे विस्फारले. "वा, साडूभाऊ!" म्हणत त्याने पंजात हात दिला. वेल्डरने ऐटीत बटण दाबलं.

खर्रर्र.

"झकास पकड आहे. आता सोडा."

"सोडत नाही तो."

"म्हणजे?"

"सिनेमातला सोडतो का?"

हात दुखत नव्हता, पण सुटतही नव्हता. मशीनने कापावं तर ठिणग्या हातावर उडणार. वेल्डरने करवत घेतली आणि पंजाचा अंगठा कापायला बसला. लोखंड जाड, काम कासवाच्या गतीचं.

बायकोने साडूच्या पाठीशी उशी दिली, पंखा त्याच्याकडे वळवला, चहा फुंकून पाजला. जेवणाची वेळ झाली.

"ताई, नेमका उजवाच अडकलाय हो."

"मग मी भरवते, भाऊजी. आ करा."

मेहुणी कोपऱ्यात निवांत मासिक चाळत होती. साडूच्या तोंडात घास गेला की करवतीचा वेग वाढायचा.

"अगं, मलाही घोटभर पाणी..."

"तुमचे दोन्ही हात मोकळे आहेत ना?"

दिवस कलायला अंगठा तुटला. निघताना साडू मनगट चोळत म्हणाला, "खरं सांगू, साडूभाऊ? जळलो मी आज. माझा पंजा साधा कागदसुद्धा धरत नाही."

हेच ऐकायला वेल्डरने एवढा घाम गाळला होता. पण आता ते त्याच्या कानावरून गेलं. तो त्या उशीकडे बघत होता.

पाहुणे गेले. बायको भांडी घासायला लागली. वेल्डर हळूच उशीला टेकून बसला, मिटलेल्या बोटांत त्याने हात खुपसला आणि कळवळून ओरडला,

"अगं, धाव गं! मीही अडकलो!"

आतून भांड्यांचा आवाज थांबलासुद्धा नाही.

"अंगठा नाहीये त्याला. ओढा हात, येईल. आणि उठताच आहात तर तेवढी उशी जागेवर ठेवा."