टेकडीवरच्या खुर्च्या

खुर्च्या कुठं मांडायच्या, एवढाच प्रश्न होता. एकनाथरावांनी तो अर्ध्या मिनिटात सोडवला आणि जन्मभराचं वाटोळं करून घेतलं.

आबिड्सच्या एका पंख्यांच्या कंपनीत ते सत्तावीस वर्षं कारकून होते. पंच्याण्णव साली तिथं नवे जी. एम. साहेब आले. बाजार खुला झालाय, म्हणाले, आता डायनॅमिक माणसंच टिकतील. बाकीच्यांना 'गोल्डन हँडशेक'. (हात हलवून झाला की माणूस रस्त्यावर, सोनं कुठं जातं ते विचारायचं नाही.) पन्नाशीच्या पुढचे दोघंच होते, एकनाथराव आणि भगवंतराव. दोघांतला एकच राहणार, हे कँटीनच्या चहावाल्यालासुद्धा ठाऊक होतं. इकडे मुलाच्या, विकासच्या, इंजिनियरिंगची दोन वर्षं बाकी होती.

साहेबांना गिअरच्या सायकलचा भारी शौक. एका सोमवारी मीटिंगमध्ये ते म्हणाले, "अमेरिकेत कंपन्या डोंगरावरून खाली सायकल रेस घेतात."

एकनाथरावांचा हात आपोआप वर गेला. "सर, आपण पण घेऊ. मी अरेंज करतो."

"मी भाग घेतो सर," भगवंतराव लगेच म्हणाले. काय माणूस आहे बघा! आयुष्यात सायकलवरून भाजीसुद्धा आणली नाही.

"मी पण," एकनाथरावांच्या तोंडून निघून गेलं.

चिक्कडपल्लीला घरी हे कळलं तेव्हा भामाबाईंनी लाटणं खाली ठेवलं. "अहो, तुम्हाला स्टुलावर चढून बल्ब बदलता येत नाही. डोंगरावरून काय पडायचंय?"

"नोकरीचा प्रश्न आहे, भामा."

"मग नोकरी करा की. उड्या कशाला मारता?"

विकासनं मित्राची गिअरची सायकल आणून दिली आणि पंधरा दिवस पहाटे बापाला शिकवलं. "नाना, पुढचा ब्रेक एकदम नक्को मारू. उलटे पडतील तुम्ही." नाना तीनदा उलटे पडले. कोपरं सोलली, गुडघा सुजला, पण चौथ्या दिवसापासून सायकल ऐकायला लागली. पन्नाशीत माणसाला एखादी गोष्ट येते तेव्हा तो किती खुळ्यासारखा खूश होतो! एकनाथराव ऑफिसात शीळ घालायला लागले.

आता त्या खुर्च्या. गंडीपेटच्या अलीकडची एक खडकाळ टेकडी ठरली होती. एका अंगानं मोटार वर जायची, दुसऱ्या अंगानं पायवाट खाली उतरायची. रेस त्या पायवाटेनं.

"नाना, शामियाना खाली लावा," विकास म्हणाला. "रेस जिथं संपते तिथं लोक बसतात."

"साहेबांना खड्ड्यात बसवू?" एकनाथराव खवळले. ऑफिसचे सगळे सत्यनारायण, सगळे निरोपसमारंभ आजवर त्यांनीच पार पाडले होते. "मान्यवर उंचावर बसतात. मला शिकवू नकोस."

शामियाना वर लागला. हार वर, माइक वर, उपमा वर, चांदीचा कप वर. दोन शाली आणल्या होत्या (एक जादा असावी, हा त्यांचा नियम). खाली फक्त प्यून श्रीपती, हातात स्टॉपवॉच.

रविवारी साहेब तासभर उशिरा आले. मग स्वागत, शाल, श्रीफळ, प्रास्ताविक. हेल्मेटं घातलेले अकरा स्पर्धक उन्हात शिजत उभे. शेवटी साहेबांनी झेंडी दाखवली.

एकनाथराव सुटले! पहिल्या वळणाला वसुलीवाला विवेक मागं पडला, दुसऱ्याला स्टोअरचा उदय झुडपात गेला. दगड, माती, हाडं खिळखिळी. पुढचा ब्रेक त्यांनी एकदाही मारला नाही. खालची चुन्याची रेघ ओलांडली तेव्हा पुढं चिटपाखरू नव्हतं.

"साब! तुमी पैले आलाव की!" श्रीपती नाचायलाच लागला.

"कुणी बघितलं?"

"म्या बघितलं ना."

"तू नाही रे. कुणी?"

श्रीपतीचं तोंड उतरलं. त्यानं घड्याळ खिशात घातलं. तेव्हा एकनाथरावांनी वर पाहिलं. शामियान्याचं टोकसुद्धा दिसत नव्हतं. मग शामियान्यातून तरी खालचं काय दिसणार? आपण काय करून ठेवलंय हे त्यांना तिथं, त्या क्षणी कळलं.

सायकल खांद्यावर घेऊन वर यायला पाऊण तास लागला. पोचले तेव्हा उपमा संपला होता आणि साहेबांची गाडी गेली होती. भगवंतराव कप हातात धरून फोटोला उभे होते.

झालं होतं ते असं. झेंडी पडताच भगवंतराव दहाव्या फुटावर धुळीत आडवे झाले आणि सायकल ढकलत परत आले. साहेबांना जायची घाई. समोर धुळीनं माखलेला एकच सायकलवाला. "वा! खाली जाऊन वरसुद्धा आलात?" म्हणून साहेबांनी कप दिला.

"अहो, पण तुम्ही सांगायचं ना!" एकनाथराव ओरडले.

"पाहुण्यांना चारचौघांत खोटं पाडू?" भगवंतराव कपाला रुमाल मारत म्हणाले. "तुम्हीच शिकवलंय आम्हाला, कार्यक्रमाचा बेरंग करायचा नाही."

सगळ्यांनी माना डोलावल्या. खरंच, त्यांनीच शिकवलं होतं.

दुसऱ्या दिवशी एकनाथराव श्रीपतीला घेऊन साहेबांच्या केबिनबाहेर दोन तास बसले. सेक्रेटरी मेधा आत जाऊन आली. "साहेब म्हणतात, रेसचं झालं आता, कामाला लागा." महिन्याभरानं यादी निघाली. पहिलं नाव एकनाथरावांचं. आणि सगळ्यात खाली श्रीपतीचं, म्हणजे पाहणारासुद्धा गेला.

"बिचाऱ्या श्रीपतीला त्या दिवशी 'तू नाही रे' म्हणालात," भामाबाई म्हणाल्या. एकनाथरावांना त्या रात्री जेवण गेलं नाही.

निरोपसमारंभाची व्यवस्था अर्थातच एकनाथरावांकडेच होती, दुसऱ्या कुणाला येतच नव्हती. खुर्च्या त्यांनीच मांडल्या, साहेबांची उंचावर. कपाटात उरलेली ती जादा शाल साहेबांनी त्यांच्या खांद्यावर घातली, सोन्याचा तो हात हातात घेऊन हलवला आणि प्रेमानं म्हणाले, "एकनाथराव, रेसची अरेंजमेंट फर्स्ट क्लास होती. आता मोकळे आहात, पुढच्या वर्षी भागसुद्धा घ्या."