हायड्रेंजियाची खरड छाटणी

छाटणीतलं मला कुणी शिकवू नये. आमचं गाव दिंडोरीकडचं, घरची द्राक्षबाग. कात्री हातात घेऊनच मी जन्माला आलो, असं मी लग्नात सासऱ्यांनाही सांगितलं होतं. बाग वडील, म्हणजे आमचे तात्या, बघतात आणि मी नाशकात विम्याच्या ऑफिसात बसतो, हा भाग वेगळा.

तर थंडी सरली आणि बायको, तेजस्विनी, माहेरी नांदगावला निघाली. जाताना कुंडीतल्या हायड्रेंजियाकडे बोट दाखवून म्हणाली, "पाणी घाला. बाकी हात लावू नका. यंदा सुवर्णाला हरवायचंय."

सुवर्णावहिनी खालच्या मजल्यावरच्या. आमच्या कॉलनीत मे महिन्यात हायड्रेंजियाच्या फुलांची स्पर्धा असते आणि बक्षीस दरवर्षी त्यांच्याच घरी जातं. तेजस्विनीला ते इतकं लागलंय, की त्यांनी दिलेलं संक्रांतीचं वाणसुद्धा ती कपाटात पालथं ठेवते.

मी कुंडी पाहिली. नुसत्या वाळक्या काड्या, टोकाला कसलेसे फुगीर डोळे. असलं आमच्या बागेत कुणी ठेवत नाही. बायकोला चकित करावं म्हणून खसाखस खरड छाटणी केली, प्रत्येक काडीला खाली एखादा डोळा ठेवून. कुंडी मुंजीतल्या बटूसारखी दिसू लागली.

"भाऊजी, हे काय केलंत?" खालून सुवर्णावहिनींनी विचारलं.

"घरची पद्धत आहे. मे महिन्यात बघा, घडच्या घड लागतील!"

थोड्या वेळानं वहिनी स्वतःची कुंडी घेऊन वर. "आमचीही करून द्या ना. तेजस्विनीला सांगू नका."

संध्याकाळपर्यंत जिन्यात कुंड्यांची रांग लागली. चहा पीत, सल्ले देत मी अख्ख्या कॉलनीची हजामत केली.

तेजस्विनी परतली, कुंडी पाहिली आणि बॅगेवरच बसली.

"अहो, याची फुलं गेल्या वर्षीच्या काडीच्या टोकाला येतात. ते फुगलेले डोळे म्हणजे कळ्या होत्या. थंडीनंतर फक्त सुकलेली फुलं अन् मेलेल्या काड्या काढायच्या. खरी छाटणी फुलं होऊन गेली की लगेच." तिचे डोळे भरले. "वर्षभर जपलं होतं मी."

मला फार वाईट वाटलं. आधारासाठी तात्यांना फोन लावला, वर स्पीकरवर टाकला.

"आरं येड्या," तात्या म्हणाले, "खरड छाटणी काडी वाढवायला असती. माल धरायला ऑक्टोबरची छाटणी. तू कायम आंब्याखाली झोपलेला, तुला काय ठावं!"

फोन ठेवून मी पुटपुटलो, "सुवर्णावहिनींचीही मीच छाटली."

तेजस्विनीनं डोळे पुसले. "अगदी खालपर्यंत?"

"एकच डोळा ठेवलाय."

तिनं मला चहा करून दिला. आलं घालून.

मे महिन्यात स्पर्धेचा मांडव पालेभाजीच्या बाजारासारखा दिसत होता. एवढी हिरवीगार पानं कॉलनीनं कधी पाहिली नव्हती. फूल मात्र औषधालाही नाही. परीक्षक हिरमुसून निघालेच होते, तेवढ्यात कुणीतरी गच्चीच्या जिन्यामागून कॉलनीतल्याच भारतरावांची विसरलेली कुंडी ओढून आणली. तिच्यावर कोबीच्या गड्ड्याएवढी निळी फुलं!

बक्षीस घेताना भारतराव माइकवर म्हणाले, "ही कुंडी आमची आहे, हे मला आत्ताच कळलं."

यंदा थंडी सरली तशी दारावरची बेल वाजली. दारात सुवर्णावहिनी. मी घाबरून आत वळलो, तर मागे तेजस्विनी उभी. हरल्यापासून दोघींचं फार जमतं.

"भारतराव गावाला गेलेत," वहिनी हळूच म्हणाल्या.

तेजस्विनीनं कात्री माझ्या हातात दिली. "जा. तुमची घरची पद्धत दाखवून या."