अण्णासाहेबांची देखरेख

ज्या वर्षी भय्यासाहेबांच्या थोरल्या जयूचे लग्न झाले आणि ती नवऱ्यामागोमाग अमेरिकेला गेली, ते साल २००१. एखादे म्हणणे खरे की खोटे, हे म्हणणाऱ्याकडे एकदा पाहून घेतल्याशिवाय ठरत नाही, हे सत्य आपल्या समाजाला त्याआधीही ठाऊक होते. पण म्हणणारा दिसतच नसेल तर काय करायचे, ही अडचण त्याच वर्षी पहिल्यांदा उभी राहिली. उज्जैनच्या मराठी मंडळींनी ती ज्या हुशारीने सोडवली, तिची कुठे तरी नोंद राहायला हवी.

भय्यासाहेब फ्रीगंजमधल्या स्नेहमंडळाचे तेरा वर्षे अध्यक्ष होते. (निवडणूक दर वर्षी होत असे. उमेदवार दर वर्षी तोच असे.) जयूच्या लग्नाचे फोटो सातासमुद्रापार एकदम पोचावेत म्हणून त्यांनी मंडळाचा ई-मेल ग्रुप काढला. तीन महिन्यांत त्यात दोनशे चौदा सभासद झाले. कोणी इंदूरचे, कोणी देवासचे, कोणी पुण्याला स्थायिक झालेले, सत्तावीस परदेशातले. भय्यासाहेब ग्रुपवर रोज लिहीत. म्हणजे ते खुर्चीत बसून सांगत आणि त्यांचा पुतण्या हर्षल टाइप करी. आलेली उत्तरे हर्षल कागदावर छापून नेऊन देई आणि भय्यासाहेब ती चष्मा पुसून वाचत. नव्या युगाचे असे स्वागत फार थोड्यांनी केले असेल.

हर्षलचा सायबर कॅफे मंडळाच्याच इमारतीत वरच्या मजल्यावर होता. दोन कॉम्प्युटर, तीन खुर्च्या आणि एक पडदा. खालच्या गाळ्यात 'सुधाकर मोटर वाइंडिंग वर्क्स' होते. सुधाकरराव निमगावकर १९९८ साली वारले. तरी मोटरी येत राहिल्या आणि बांधून जात राहिल्या, याचे मंडळाला थोडे नवल वाटे. पण नवल वाटले म्हणून कोणी आत डोकावले नाही.

आत त्यांची बायको अनसूयाबाई होती, आणि ती तिथे तीस वर्षे होती. सुधाकरराव काउंटरवर बसून गिऱ्हाइकाशी हवापाण्याच्या गोष्टी करत, आणि मागे बाई जळलेल्या मोटरीत गुंडाळायच्या तांब्याच्या तारेचे वेढे मोजत. लिहिता-वाचता येत नव्हते तेव्हाही वेढा चुकला नाही. पुढे साक्षरता अभियान आले तेव्हा अठ्ठेचाळिसाव्या वर्षी त्या बाराखडी शिकल्या. इंग्रजी अक्षरे त्याआधीच येत होती, कारण ती मोटरच्या पत्र्यावर ठोकलेली असतात. अर्थात सगळी मोठी. लहान अक्षर मोटर बनवणाऱ्या कंपन्यांना लागत नाही, म्हणून बाईंनाही लागले नाही.

जयूच्या लग्नानंतर महिन्याभरात मंडळाने ठराव मांडला : 'सदर गाळ्यात आता चालवणारे कोणी उरलेले नसल्यामुळे तो रिकामा करून घेऊन हर्षलच्या कॅफेच्या विस्तारासाठी द्यावा. सभासदांनी आपली मते ग्रुपवर कळवावीत.' अनसूयाबाई जिन्यावरून उतरणाऱ्या भय्यासाहेबांना आडव्या गेल्या.

"भय्यासाहेब, चालवणारे कोणी नाही मतलब? मी कोण आहे?"

"वहिनी, तुम्ही आहातच ना. तुम्हाला कोण नाही म्हणतं," भय्यासाहेब म्हणाले. "पण चालवणारा पाहिजे. आता सगळं ग्रुपवर आहे. तुमचं काय म्हणणं असेल ते तिथे टाका. लोकशाही आहे भई."

म्हणून दर गुरुवारी दुपारी बाई वरच्या मजल्यावर अर्धा तास बसू लागल्या. गाळा गेला तर हातातले काम जाणार होते, आणि साठीकडे झुकलेल्या बाईला तीस वर्षांचे काम दुसऱ्या ठिकाणी उचलून मांडता येत नाही.

पाच महिन्यांत त्यांनी 'अनसूया' या नावाने अकरा पत्रे टाकली. मराठीतच, पण मोटरच्या मोठ्या इंग्रजी अक्षरांत. सगळ्यांना मिळून चार उत्तरे आली :

दोघांनी कळवले की मोठ्या अक्षरांत लिहिणे म्हणजे ओरडणे असते, आणि बाईमाणसाने निदान इथे तरी ओरडू नये.

नागद्याच्या एका गृहस्थांनी विचारले की आपण एकट्याच असता काय.

जयूने अमेरिकेहून शंकरपाळ्यांचे प्रमाण मागवले. (ते बाईंनी पाठवले. तेही मोठ्या अक्षरांत. तेव्हा कोणाला आवाज आला नाही.)

त्यानंतर पुण्याच्या विलासरावांनी ग्रुपवर विचारले की आमच्या सोसायटीचा पंप नुसता घूं करतो, फिरत नाही, मोटर जळली असावी, नवी घ्यावी का? बाईंनी लिहिले : 'कपॅसिटर बदला. मोटर जळलेली नाही.' विलासरावांचे उत्तर नम्र होते. 'ताई, धन्यवाद. पण आम्ही जाणकारांना विचारून राहिलो आहोत.'

पुढच्या आठवड्यात बाई पासवर्ड विसरल्या. भय्यासाहेबांची धाकटी मुलगी केतकी पॉलिटेक्निकमधून येताना कॅफेत डोकावली होती. तिने दुसरे खाते उघडून दिले.

"नाव काय टाकू काकू?"

"मोटरवर असतं तसं टाक. ए. एस. निमगावकर."

बाईंना वाटले, जुन्या खात्याबरोबर जुने पत्रही बुडाले. म्हणून त्यांनी तेच वाक्य पुन्हा टाकले : 'कपॅसिटर बदला. मोटर जळलेली नाही.' विलासरावांचे उत्तर चाळीस मिनिटांत आले. 'पंप चालू झाला. आपण कोण आहात माहीत नाही, पण काय अधिकार आहे आपला. बारा जण डोकं लावून बसलो होतो. ए. म्हणजे अण्णाच असणार. अण्णा, नमस्कार करतो.'

अशा रीतीने अण्णासाहेब निमगावकर जन्माला आले. बाईंनी त्यांना जन्म दिला नाही, फक्त नाकारले नाही.

आता हे अण्णा कोण, यावर मंडळात चर्चा झाली. ते सुधाकररावांचे थोरले बंधू असावेत, असे ठरले. सुधाकररावांना थोरला भाऊ नव्हता, हे चर्चेला बसलेल्या सहाही जणांना माहीत होते; त्यांतले दोघे तर सुधाकररावांचे वर्गमित्र होते. पण बाई मोटर बांधते हे मानण्यापेक्षा एक भाऊ मानणे सोपे पडत होते, आणि माणसाने सोपा मार्ग सोडू नये.

अण्णांच्या पहिल्या अकरा पत्रांना एकशे त्रेसष्ट उत्तरे आली. बाईंनी ती वेढे मोजायच्या वहीत मागच्या पानावर रेघा मारून मोजली. अक्षरे तीच होती, पण आता त्यांना स्पष्टवक्तेपणा म्हणत. चुका त्याच होत्या, पण मोठ्या माणसाला वेळ नसतो, हे सगळ्यांना समजत होते. हळूहळू अण्णांना गुडघेदुखी, शेअर बाजार आणि मुलीची पत्रिका याविषयीही विचारू लागले. अण्णा लिहीत, 'मला माहीत नाही.' हा विनय पाहून देवासच्या एका प्राध्यापकांना भरून आले.

एका गुरुवारी हर्षलचा स्टॅबिलायझर गुणगुणू लागला.

"बंद कर तो," बाई खुर्चीवरून म्हणाल्या. "आतली कॉइल जाऊन राहिली."

"छोडो काकू. कंपनीचा माणूस येईल सोमवारी. तुम्ही रेसिपी शोधा."

तरी हर्षलला धाकधूक होती. त्याने पहिल्या कॉम्प्युटरवर बसून ग्रुपवर लिहिले : 'अण्णा, अर्जंट. स्टॅबिलायझर आवाज करतोय. काय करू?' दीड हातावरच्या दुसऱ्या कॉम्प्युटरवर बाईंनी एकेक बटण शोधत उत्तर टाकले : 'बंद करा. खालच्या गाळ्यात बाई आहेत. कॉइल त्यांच्याकडून बांधून घ्या.'

"क्या आदमी है," हर्षल म्हणाला. "पाच मिनिटांत उत्तर. उठा काकू, लाइन बंद करायचीय. अण्णांचा हुकूम आहे."

"माझा अर्धा तास झाला नाही."

"पुढच्या गुरुवारी वाढवून देतो. आणि हे खाली घेऊन जाता का? अण्णा म्हणतात तुम्हाला जमेल."

बाईंना जमले. पण गाळ्याचा ठराव होता तिथेच होता. शेवटी मंडळाने न्यायाची बाजू लक्षात घेऊन एकसदस्यीय तांत्रिक समिती नेमली. समितीपुढे प्रश्न : 'स्त्रीस मोटर वाइंडिंग करता येते काय?' सदस्य : अण्णासाहेब निमगावकर.

बाईंना हसू आले नाही. नेमले आहे तर काम नीट केले पाहिजे, असे त्यांना वाटले. त्यांनी अकरा दिवस घेतले. स्वतःचे काम उजेडात धरून पाहिले, जुन्या गिऱ्हाइकांना विचारले, एक बांधलेली मोटर पुन्हा उघडली. दोन दोषही नोंदवले : वार्निश लावलेल्या मोटरी फुटपाथवर वाळत घातल्याने येणाऱ्या-जाणाऱ्यांना त्रास होतो, आणि चहा निवून जातो. अहवालाचा शेवट असा होता : 'सदर बाईचे काम पाहिले. काम बरे आहे. गाळा त्यांच्याकडेच राहावा.' (बाईंच्या हातून 'उत्तम' लिहिले जाईना. अण्णांच्या जागी खरे अण्णा असते तर लिहिले असते.)

मंडळाने अहवाल एकमताने स्वीकारला आणि दुरुस्ती सुचवली : गाळा बाईंकडे, परंतु अण्णासाहेबांच्या देखरेखीखाली. दुकानाच्या पाटीवर तसे रंगवूनही घेतले. त्या दिवसापासून अनसूयाबाई स्वतःच्या गाळ्यात स्वतःच्या परवानगीने काम करू लागल्या.

२००२ च्या गणेशोत्सवात अण्णांचा सत्कार ठरला. शाल आली, नारळ आला, मानपत्र छापून आले. अण्णा आले नाहीत. त्यांच्याऐवजी बाई रोजची धुवट साडी नेसून मंचाशी गेल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "भय्यासाहेब, ते अण्णा मीच आहे."

भय्यासाहेब हसले. पहिल्या रांगेलाही ते ऐकू गेले होते, तीही हसली.

"वहिनी, तुम्ही एवढ्या विनोदी आहात हे सुधाकर कधी बोलला नाही."

"विनोद नाही करून राहिले. काय विचारायचं ते विचारा."

"काय विचारणार? बरं, अण्णांना बरं नाही का?"

तेवढ्यात हॉलचा पंप बंद पडला आणि प्रसादाच्या वेळी नळाला पाणी येईना. बाईंनी पदर खोचला, पेचकस मागवला आणि दीडशे माणसांदेखत बारा मिनिटांत पंप चालू केला. आता तरी शंका उरायला नको होती, आणि उरलीही नाही. भय्यासाहेब माइकवर गेले. "मित्रहो, पाहिलंत? याला म्हणतात देखरेख. अण्णा स्वतः इथे नाहीत, तरी त्यांनी बाईंना कसं तयार केलंय बघा."

टाळ्या बराच वेळ चालल्या. शाल बाईंच्या हातात देण्यात आली, अण्णांना पोचवण्यासाठी. केतकी तेवढी टाळ्या वाजवत नव्हती. ती पंपाशी उकिडवी बसून बाईंनी कुठला पेच आधी काढला ते पाहत होती. पुढच्या सोमवारपासून ती गाळ्यात शिकायला येऊ लागली. भय्यासाहेबांनी परवानगी दिली. अण्णांची देखरेख आहे म्हटल्यावर काळजीचे कारण नव्हते.

अशी चार वर्षे गेली. हर्षलला टॉवर चौकात मोठी जागा मिळाली. अण्णांची कीर्ती वाढली.

इथे काही वाचकांना मघापासून एक प्रश्न छळत असेल. अठ्ठेचाळिसाव्या वर्षी बाराखडी शिकलेली बाई कॉम्प्युटरवर लिहीत कशी होती? कोणी लिहून देत होते काय? प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की एकेक बटण शोधून, स्वतः. दुसऱ्याकडून लिहून घेत होते ते भय्यासाहेब, पहिल्या पत्रापासून शेवटच्यापर्यंत. तसे अगदी सुरुवातीलाच सांगितले होते. तेव्हा आपण काही विचारले नाहीत.

२००६ च्या पावसाळ्यानंतर बाईंचा दम वाढला आणि हर्षलच्या नव्या कॅफेचा जिना चढवेना. तेव्हापासून अण्णांचा पासवर्ड केतकीकडे आहे. डिसेंबरात ग्रुपवर दुःखवट्याची सत्तर-ऐंशी पत्रे आली, सगळी अण्णांना. विलासरावांनी लिहिले, 'भावजयींच्या जाण्याने आपल्या जेवणाची फार आबाळ होत असेल.' जयूने विचारले की शंकरपाळ्यांचे प्रमाण आता कोणाला माहीत आहे. भय्यासाहेबांनी हर्षलला सांगून लिहवून घेतले की गाळ्याबाबत अण्णा म्हणतील तसे करू.

अण्णांनी मोठ्या अक्षरांत कळवले : 'गाळा केतकी चालवील. देखरेख माझी.' ठराव एकमताने मंजूर झाला. अण्णांची प्रकृती उत्तम आहे.

अनसूया सुधाकर निमगावकर १९ डिसेंबर २००६ रोजी, मंगळवारी, सकाळी सव्वानऊ वाजता वारल्या.