बळीराम सरांचे उपग्रह

आमचे शेजारी बळीराम सर आपल्याच गच्चीवर उभे राहून, आपण नेमके कुठं आहोत हे अमेरिकेला विचारतात. मग रशियाला, युरोपला, चीनला आणि शेवटी भारताला.

गंमत करत नाही मी. स्टीलचं ताट उपडं घालून त्यावर सर इवलासा अँटेना ठेवतात आणि वायर लॅपटॉपला जोडतात. आत त्यांनीच लिहिलेलं सॉफ्टवेअर. ते सगळ्यांच्या उपग्रहांचे सिग्नल एकत्र करून जागा सांगतं. कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवून निवृत्त झालेला माणूस, पण भरवसा म्हणून कुणावर नाही. चहात साखर घातली का, हे बायकोला विचारून पुन्हा सुनेला विचारणार.

"चीनला कशाला घेतलं, सर?" मी एकदा विचारलं.

"असू द्या. खोटं बोलला तर बाकीचे पकडतेत की."

आता संशय मलाही येणारच. हा माणूस रोज दुपारी ताट पिशवीत घालून माझ्या शेताच्या बांधावरून डोंगराकडं जातो कशाला? बांध मोजतोय, दुसरं काय! एवढ्या देशांच्या साक्षीनं माझा बांध सरकला तर मी कुणाच्या पाया पडायचं? एक दिवस गेलोच मागं.

धारूरच्या डोंगरात एका घळीत सर सापडले. दोन्ही बाजूंना कडे, वर आभाळाची पट्टी, मांडीवर लॅपटॉप.

"पाळत ठेवता का माझ्यावर?"

"बांध मोजताय ना तुमी?"

"चुलीत घाला तुमचा बांध," सर म्हणाले. "आमचे आबा हरवतेत."

आबा म्हणजे त्यांचे वडील. ऐंशी उलटली तरी शेळ्या घेऊन याच घळीत येतात. आताशा वाट विसरतात, आणि शेळ्या विका म्हटलं की जेवत नाहीत. दिलेला मोबाइल त्यांनी विहिरीत टाकला. म्हणून सर बोकडाच्या गळ्यात सिग्नल पकडून जागा कळवणारी डबी बांधणार होते.

"हितं आभाळच कमी दिसतंय. एकाचे उपग्रह पुरत न्हाईत. सगळ्यांचे मिळून आज जागा सापडली बघा." सरांनी लॅपटॉप माझ्याकडं वळवला.

तेवढ्यात शेळ्यांमागून आबाच आले. सरांकडं बराच वेळ बघत राहिले. मग मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "ह्यो मानूस रोज हितं येऊन बसतो. म्हनतो, मी तुमचा पोरगा हाय. खरं हाय का रं?"

"खरं हाय, आबा. बळीरामच हाय त्यो."

आबांनी माझं तोंड निरखून बघितलं. मग जाऊन सरांजवळ बसले, फडकं सोडलं आणि अर्धी भाकर मोडून त्यांच्या हातावर ठेवली.

भाकर तशीच हातात धरून सर मला म्हणाले, "उद्याबी येता का साक्षीला?"