जमादार हिंमतराव आणि चौकीची खुर्ची

"चोर मी शोधत नाही, शेषराव. चोरच मले शोधत येते. माही नजर पडली का गुन्हा सोताहून हात जोडते. मी नागपूरले असतो ना, तं लाटसाहेबानं बंगल्यावर बोलावून इचारलं असतं, हिंमतराव, आता काय करू?"

जमादार हिंमतराव स्वतःबद्दल असं रोज सकाळी चूळ भरता भरता सांगत, आणि शिपाई शेषराव अकरा वर्षं त्यांच्या हातावर पाणी घालत "हाव, जमादारसाहेब" म्हणत आला होता. नांदुऱ्याहून मोताळ्याकडे जाताना लागणाऱ्या एका बाजारगावातली ही चौकी. गावाचं नाव सांगत नाही. त्या मंडळींचे नातू अजून आहेत आणि आमची सोयरीक तिथं आहे. काळ इंग्रजांचा. वऱ्हाड मध्यप्रांताच्या दावणीला बांधलेलं, आणि गावापुरतं सरकार म्हणजे हिंमतरावांच्या मिशा.

अकरा वर्षांत जमादारांनी एकच चोरी उघडकीला आणली होती, बकरीची. बकरी तिसऱ्या दिवशी आपल्या पायांनी घरी आली. रिपोर्टात त्यांनी लिहवून घेतलं, 'आमच्या दराऱ्यामुळे फरारी हजर.'

तर त्या दिवशी गावचा बाजार होता. बाजाराच्या दिवशी चौकीचा बंदोबस्त असे. बंदोबस्त म्हणजे जमादारांनी टोपलीपाशी उभं राहून "वांगे ताजे हायेत ना?" असं विचारायचं, आणि वांग्यांनी मुकाट शेषरावच्या पिशवीत यायचं. शेषराव त्या वेळी मान खाली घाले. पण वांगी त्याच्याही घरी शिजत, तेव्हा बोलणार कुठल्या तोंडानं?

एरवी हा बंदोबस्त दिवे लागेपर्यंत चाले. पण दुसऱ्या दिवशी सर्कलसाहेब, म्हणजे पोलिसांचे सर्कल इन्स्पेक्टर, चौकी तपासायला येणार होते, म्हणून जमादार दहालाच परतले. पाहतात तर चौकीतली खुर्ची नाही! वेताची, हातांची, साहेबाला बसवण्याजोगी गावात तेवढी एकच. अंगण झाडणारी गोजरबाई खराटा घेऊन उभी होती.

"जमादारसाहेब, थे खुर्ची ना..."

"चूप, गोजरबाई! तपास सुरू झाला. आन् शेषराव, काय गेलं थे कोनाले सांगाचं नाही. चोर सावध होते."

हिंमतराव गुडघ्यांवर बसले. सारवलेल्या जमिनीत चार खळगे होते. "चार पाय. म्हंजे दोन चोर!"

"जमादारसाहेब, थे खुर्चीचेच पाय असन."

"म्हंजे खुर्ची आपल्या पायानं चालत गेली? अक्कल वापरत जा, बे. खुर्ची कोनाची? सरकारची. थे काढून नेली, म्हंजे कोनाले काढलं? सरकारले! हे सुराजवाल्याइचं काम हाये."

गावात सुराजवाला, म्हणजे स्वराज्य मागणारा, एकच, महादेवराव मास्तर. जमादारांनी त्याच्या घरी धाड घातली. मास्तर आठ दिवसांपासून खामगावला सासुरवाडीत, पोट बिघडून पडलेला. राजद्रोह तिथंच आटपला.

मग उंबऱ्यावर त्यांना कापसाचा पुंजका सापडला. जमादारांचे डोळे लकाकले. "कापूस! म्हंजे पिंजारी. म्हंजे रहेमतुल्ला!"

आता वऱ्हाडात कापूस कुठं नसतो? बैलाच्या शिंगावर असतो, भाकरीवर असतो. खुद्द जमादारांच्या मिशीत त्या घटकेला एक तंतू लोंबत होता. तो काही पंचनाम्यात आला नाही.

"जमादारसाहेब," गोजरबाई पुन्हा म्हणाली, "मी सकाळपासून अठीच, चौकीतच..."

"बाई, पुराव्यावर पाय नको देऊ!"

रहेमतुल्ला पिंजाऱ्याला कापूस पिंजायच्या धुनकीवरून उठवून आणलं. भला माणूस, अर्ध्या गावाच्या गाद्या त्यानं भरलेल्या. आज मात्र त्यानं धुतलेला सदरा घातला होता, कारण दुपारी खामगावहून पाहुणे यायचे होते. त्याच्या लेकीची, गौसियाची सगाई पक्की व्हायची होती.

"जमादारसाब, पन चोरीले गेलं काय?"

"थे तूच सांग."

"मले कसं मालूम राहीन?"

"पाह्यलं, शेषराव? चोराले सारं मालूम राह्यते, म्हनून थो नाही म्हनते. घे बदमाशाचं रजिस्टर."

त्या रजिस्टरात नाव चढलं की माणसाला आठवड्याला चौकीत हजेरी द्यावी लागे, आणि कुठं काही हरवलं की पहिली लाथ त्याच्या दाराला. अशाच्या घरची पोरगी कोण करणार? रहेमतुल्लानं हात जोडले. "आजच्या दिस नका लिहू, साब. पोरीचं नशीब हाये हो."

शेषरावनं दौत उघडली आणि म्हणाला, शाई वाळली. शाई आणली तर निब मोडलं. दुसरं निब शोधायला त्यानं एवढा वेळ लावला की जमादार कावले. "चाल! साहेब उद्या येते, मले दाढी कराची हाये. रंगरावपाशी बसून बयान घेतो. एका दगडात दोन पाखरं."

बाजारात निंबाखाली रंगराव न्हाव्याचं दुकान होतं. दुकान म्हणजे एक आरसा आणि पांढरी चादर घातलेली बैठक. जमादार तिच्यावर ऐसपैस बसले, हात पसरून. रंगरावचा चेहरा मात्र पडला. साबण लावता लावता तो चादरीची टोकं खाली ओढत राहिला, वस्तरा धरल्यावरही. जमादारांना वाटलं, काय आपला दरारा!

बघता बघता बाजार गोळा झाला. एक गाल साफ झाला आणि जमादारांनी बयान सुरू केलं.

"बोल, रहेमतुल्ला! सरकारी माल कुठं लपवला?"

गर्दीतून सरस्वतीबाई माळीण म्हणाली, "जमादारसाहेब, मानसापाशी माल तं सापडू द्या."

"सापडन! कायदा सोपा हाये, बाई. माल ज्याच्यापाशी, चोर थोच. लिही, शेषराव!"

तेवढ्यात नांदुऱ्याकडून घुंगरं वाजली. खामगावच्या पाहुण्यांचा टांगा बाजाराच्या तोंडाशी आला होता. रहेमतुल्लानं डोळे मिटून घेतले. शेषरावनं एकदा त्याच्याकडे पाहिलं, एकदा हातातल्या टाकाकडे. जमादारांचं इस्तरीचं पागोटं घेऊन गोजरबाई नुकतीच आली होती. अकरा वर्षांत जे चौकीत कधी घडलं नव्हतं ते शेषरावनं केलं. त्यानं विचारलं.

"गोजरबाई, तुमी सकाळपासून चौकीत होत्या ना? खुर्ची कोनं नेली?"

"रंगरावनं," गोजरबाई म्हणाली. "दर बाजारले नेते, सांजच्याला आनून ठेवते."

"मंग इतका वेळ सांगतलं काऊन नाही?"

"मले कोनं इचारलं, बापू?"

"आन् आता कुठं हाये थे?"

"हे काय! जमादारसाहेबाच्या बुडाखाली."

शेषरावनं चादर उचलली. वेताची, हातांची. सारा बाजार असा हसला की तराजूवाल्यांच्या हातचे तराजू हलले. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, पण कळशावर बसून वळसा घालणारा गावानं पहिल्यांदाच पाहिला.

जमादार फेसासकट उठले. "रंगराव! चोरा!"

रंगरावनं वस्तरा मिटला. "खुर्ची माहीच हाये, साहेब. माह्या बापानं लिलावात घेतली. तीन सालाआधी साहेब येनार म्हनून तुमी एका दिसासाठी नेली. अजून थो दिस संपला नाही."

"आन् चौकीतला थो रांजन माहा हाये!" सरस्वतीबाई म्हणाली.

"कंदील माहा!" वाणी ओरडला.

खाट कोणाची, सतरंजी कोणाची, एकेक मालक पुढं येऊ लागला. रहेमतुल्ला हळूच म्हणाला, "जमादारसाब, माल ज्याच्यापाशी... पुढचं काय म्हनलं होतं तुमी?"

जमादारांनी फेस पुसला. पुढचं त्यांना आठवेना.

टांगा निंबाखाली थांबला. म्हाताऱ्या व्याह्यांनी पोलिसाचा पट्टा पाहिला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "रहेमतुल्लाभाई, ये क्या माजरा है?"

शेषराव पुढं झाला आणि रजिस्टर बगलेत मारलं. "काही नाही, चाचा. रहेमतुल्लाभाईले साक्षीले बोलावलं होतं. गावात सच्चा मानूस लागते ना एखादा. या, उतरा." रहेमतुल्लाचे डोळे भरून आले, त्यानं शेषरावचा हात दाबला आणि पाहुण्यांची पिशवी उचलली.

सांजपर्यंत चौकी रिकामी झाली. रंगराव खुर्ची घेऊन गेला तो उरलेला गाल न करताच, आणि जमादार पुन्हा त्या खुर्चीवर बसायला धजले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सर्कलसाहेब आले. उघड्या भिंती पाहून दारातच थांबले. "खुर्ची कुठे आहे?"

जमादारांच्या आधी शेषरावनं टाचा जुळवल्या. "चोरीचा माल होता, साहेब. ज्याचा त्याले परत देला."

"आणि चोर?"

"चोरही सापडला, साहेब."

नाव त्यानं घेतलं नाही. फक्त जमादारांकडे पाहिलं. एक गाल गुळगुळीत, दुसऱ्यावर खुंट. साहेबांनी त्या अर्ध्या दाढीकडे बराच वेळ पाहिलं.

"बदमाशांचं रजिस्टर आणा," ते म्हणाले.

शेषरावनं आणलं. त्या दिवशी शाई वाळली नव्हती, आणि निबही मोडलं नाही.